ग गुळाचा, ग गुढीचा : सणाची कार्डं करता करता लिहायला शिकायचं कसं

मी डोंबिवलीत घरीच बारा-पंधरा पोरांचा खेळवर्ग घेते, अडीच ते सहा वयाची सगळी, आणि दर जूनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो, "काकू, आमचा लिहायला कधी लागणार?" मूल अजून धड शर्टाचं बटण लावत नाही, डबा उघडायला दुसऱ्याला देतं, पण आईबाबांना वहीत पानभर अ आ इ पाहिजे असतं. मग मी त्यांना सांगते, जरा थांबा, आणि घरी जुन्या लग्नपत्रिका असतील तर रद्दीत देऊ नका, मला आणून द्या.

लग्नपत्रिकेसारखा कागद विकत घ्यायला गेलं तर महाग पडतो, आणि घराघरात तो फुकट पडलेला असतो, जाड, पाठकोरा, कधी सोनेरी कडेचा. त्याची कार्डं करायची आणि कोणाला तरी खरंच पाठवायची. मुलाला अक्षराशी काही देणंघेणं नसतं, पण आजीला कार्ड पाठवायचंय म्हटलं की तेच मूल जीभ बाहेर काढून अर्धा तास बसतं. माझं सगळं इतकंच आहे, बाकी नुसता तपशील आहे, पण तपशीलातच लोकं चुकतात म्हणून लिहिते.

आधी हाताचं थोडं समजून घ्या, नाहीतर कार्ड छान होईल आणि मुलाला त्याचा उपयोग शून्य. रेघा यायचा एक क्रम असतो, साधारण असा की उभी रेघ आधी, मग आडवी, तीन वर्षांच्या आसपास गोल, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि तिरक्या रेघा सगळ्यात शेवटी, फुली आणि त्रिकोण बऱ्याच मुलांना पाचच्या आसपास जमतात. एखादं मूल मागेपुढे होतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण हा क्रम डोक्यात असला की लगेच कळतं की संक्रांतीला तीन वर्षांच्या पोराला पतंग काढायला सांगणं म्हणजे त्याच्या नाकी नऊ आणणं, कारण पतंगाच्या चारही बाजू तिरक्या. सगळे तेच सांगतात पण. मीही सांगायचे. पहिल्या वर्षी मी पतंगाचा साचा करून सगळ्यांना कापून दिला, मुलांनी नुसता चिकटवला, बारा पतंग हुबेहूब एकसारखे, आणि एका आईने चुकून दुसऱ्याच पोराचं कार्ड घरी नेलं ते तिलाही कळलं नाही आणि पोरालाही नाही. तेव्हापासून साचा बंद.

दुसरी गोष्ट पकड. लहान मूल खडू मुठीत धरतं, मग हळूहळू बोटांत येतो, आणि तीन बोटांची नीट पकड यायला चार-पाच वर्षं लागतात, काहींना सहा. ती "अशी धर, अशी धर" म्हणून येत नाही. ती येते चिमटीतून. मीठ चिमूटभर घेतो ना आपण, तीच चिमूट. त्यामुळे मी मुलांना अख्खे मेणखडू देतच नाही, तोडून देते, पेराएवढे तुकडे, एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, आपोआप अंगठा आणि दोन बोटं पुढे येतात. आयांना वाटतं काकू कंजूष आहेत. वाटू दे.

आपल्याकडे हे जुनंच आहे खरं तर. धूळपाटीवर, म्हणजे पाटीवर पसरलेल्या धुळीत, बोटाने अक्षर गिरवायचे, हातात पेन्सिल फार नंतर. पालघरकडच्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे आदिवासी मुलांसाठी पानं, बिया, शंख, काड्या, आजूबाजूला जे मिळेल तेच शिकायचं साधन होतं. माझ्याकडे टेकडी नाही, समोर पार्किंग आहे, पण गुलमोहराच्या शेंगा आणि चिंचोके मिळतात.

सामान फार नको. पाठकोऱ्या पत्रिका किंवा कार्डशीट, काळा टिंटेड कागद, तुटके मेणखडू, एक साधी मेणबत्ती, लोकर, पंचिंग मशीन, गोल टोकाची कात्री, आणि खळ. फेव्हिकॉल आहेच, पण खळीची मजा वेगळी, एक वाटी मैदा किंवा कणीक, तीन-चार वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, जरा पारदर्शक झालं की उतरवायचं. बोटाने पसरवली की हाताला काम होतं आणि तोंडात गेली तरी जीव घाबरा होत नाही. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ते विषारी असतं, मुलांच्या खळीत अजिबात नको, त्यापेक्षा फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

आता अक्षर कुठलं? मी वर्षभर एकच अक्षर धरून ठेवते, ग. गूळ, गोड, गुढी, गारा, गणपती, आणि गंगाधर नावाचे कोणाचे तरी आजोबा निघतातच. ग मध्ये असतं काय, एक आखूड उभी रेघ, तिच्या खालच्या टोकाला डावीकडे वळलेली गाठ, शेजारी लांब काना, आणि डोक्यावर आडवी रेघ. म्हणजे मुलाला लवकर येणारे सगळे तुकडे त्यात आहेत, तिरकं काहीच नाही. गमभन या क्रमात ग पहिला येतो तो उगीच नाही. बाराखडीच्या क्रमाने गेलात तर पहिल्याच दिवशी अ येतो, आणि अ काढून बघा एकदा डाव्या हाताने, मग मुलाला काय वाटतं ते कळेल. (डावखुऱ्यांनी उजव्या हाताने बघा.)

संक्रांत

जानेवारीत हवा छान असते, खिडकीत बसता येतं, म्हणून माझं कार्डांचं वर्ष इथूनच सुरू होतं. संक्रांतीला काळे कपडे, तर कार्डही काळं. काळ्या टिंटेड कागदावर पांढरे तीळ इतके सुंदर दिसतात की बाकी काही करायची गरज नसते.

कृती अशी. काळा कागद दुमडून कार्ड करायचं, दुमड मुलालाच घालू दे, कडेला कड लावून अंगठ्याने दाबत न्यायचं, वाकडी झाली तरी चालेल. पुढच्या बाजूला खडूने तुम्ही मोठा ग काढायचा, तळहाताएवढा. मग मुलाने इयरबडने खळ त्या रेघेवर लावत जायचं, वरून खाली, आणि तुम्ही तोंडाने म्हणायचं, "खाली, वळली, गाठ. उचल. परत वर, खाली सरळ. उचल. आता डोक्यावर टोपी." दरवेळी हेच शब्द, याच क्रमाने. कारण आपल्या अक्षराला शिरोरेघ शेवटी द्यायची असते आणि जी मुलं ती आधी देतात ती मग अक्षरं कपड्यासारखी दोरीला लटकवत बसतात, पुढे वेगाने लिहिताना त्रास होतो. खळ लावून झाली की तीळ. एकेक. चिमटीत धरून. इथे खरी कसरत आहे आणि इथेच बहुतेक मोठी माणसं हात घालून मूठभर तीळ भुरभुरवतात, पाच मिनिटांत काम संपतं आणि हाताला काहीच होत नाही. एकेकच लावू दे, कंटाळला तर अर्धा ग आज, अर्धा उद्या.

चार वर्षांखालच्यांना तीळ देऊ नका. आमच्याकडच्या एका साडेतीन वर्षांच्या गड्याने नाकात घातला होता, शिंकून निघाला, पण तेवढ्यात माझं आयुष्य दोन वर्षांनी कमी झालं. तसं तर चणाडाळ, राजमा, मणी असलं काहीही चारखालच्या मुलाच्या हातात द्यायचंच नाही, घशात अडकतं. त्या वयाला कागदाचे बोळे. क्रेप किंवा घोटीव कागद टराटरा फाडायचा, चिमटीत गोळी वळायची, चिकटवायची. फाडणं हे फार कामाचं आहे बरं का, दोन्ही हात उलट्या दिशांना चालतात आणि मुलांना मोफत धिंगाणा मिळतो.

आणि पतंग ज्यांना पाहिजेच, त्यांनी चौकोनी कागद मुलाला द्यायचा, तो कोपऱ्यावर उभा करून चिकटवला की झाला पतंग, आणि मुलाने फक्त शेपटी काढायची. नागमोडी, लांबच लांब, कार्डावरून उतरून टेबलावर गेली तरी. ती शेपटी म्हणजे पुढच्या लपेटीच्या अक्षराची तयारी आहे.

मजकूर? "तिळगूळ घ्या गोड बोला" हे चार वर्षांच्या मुलाने लिहायचं नसतंच. त्याने ग लिहिला, काम झालं. आतल्या पानावर त्याला जे म्हणायचंय ते तो सांगणार आणि तुम्ही त्याच्या देखत, त्याच्याच शब्दांत लिहिणार. आमच्याकडे एकीने सांगितलं, "आजी, लाडू कडक करू नको." तेच लिहिलं. मोठ्या मुलांना मात्र तिळगूळ हा शब्द मुद्दाम द्या, त्यात दोन दोन ळ आहेत, एक गोल डावीकडे, एक उजवीकडे, पोरं त्याला चष्मा म्हणतात आणि आवडीने काढतात.

गुढीपाडवा

इथे थोडक्यात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला जर एकच सण करायचा असेल तर हाच करा, कारण गुढी म्हणजे उभी रेघ. कार्ड भिंतीवर किंवा फ्रीजवर चिकटपट्टीने लावायचं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि उभं राहून वरून खाली काठी ओढायची. भिंतीवर लिहिताना मनगट आपोआप मागे झुकतं आणि खांदा काम करतो, टेबलावर पसरून लिहिण्यापेक्षा हे बरं. वर तांब्या, वस्त्राला कापडाची चिंधी, कडुनिंबाच्या पाल्याला हिरव्या छोट्या छोट्या फटकाऱ्याच्या रेघा. साखरेच्या गाठीसाठी एका दोऱ्यावर गोल काढायचे, सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटला पाहिजे एवढीच अट. गोल दोन्ही दिशांनी काढून घ्या, कारण मराठीत व आणि ट ला हात डावीकडे वळतो, र ला उजवीकडे, एकच सवय लागलेली बरी नाही.

काठीशेजारी एक आखूड रेघ आणि तिला गाठ, वरती टोपी, झाला गुढीचा ग. हे मुलांना मीच दाखवलं असं सांगायला मला आवडेल, पण एका मुलीने स्वतःच ओरडून सांगितलं, "काकू, गुढीतच ग आहे!"

पावसाचं कार्ड

हे माझं लाडकं. पावसाळ्यात मुलं घरात कोंडलेली असतात, कपडे वाळत नाहीत, सगळ्यांची चिडचिड, आणि जुलैमध्ये पाठवायला तसा सणही नसतो, म्हणून मी "आमच्याकडे पाऊस पडतोय, तुमच्याकडे?" अशी कार्डं करून घेते. गावाला मामा असतो, त्याला हे विचारणं अगदी रास्त आहे, पेरण्या झाल्यात का वगैरे.

पांढऱ्या पाठकोऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने पाऊस काढायचा. दिसत नाही काहीच, त्यामुळे मुलं खोडत नाहीत, "चुकलं" म्हणत नाहीत, नुसता हात चालतो, आणि मेणबत्ती उमटायला जोर द्यावा लागतो ते वेगळंच. ज्या मुलांची पेन्सिल फिकट उमटते, म्हणजे हाताला दाबच नाही, त्यांना तर हे मी आठवड्यातून दोनदा देते. मग वरून पातळ निळा जलरंग, शाईचे दोन थेंब पाण्यात टाकले तरी चालतं, कापसाच्या बोळ्याने फिरवायचा, आणि जिथे मेण आहे तिथे रंग धरत नाही, पांढऱ्या पावसाच्या रेघा एकदम वर येतात. पोरं किंचाळतात. दरवर्षी किंचाळतात, मीही.

लहान असेल तर पाऊस सरळ उभा पडू दे. पाचच्या पुढे असेल तर वारा सुटलाय म्हणा, तिरका पाऊस, आधी एका बाजूचा वारा, मग दुसऱ्या बाजूचा. त्या तिरक्या रेघा जमल्या की र आणि त्याचे भाऊबंद सोपे जातात. थेंबांऐवजी गारा पाहिजेत तर ठिपके, आणि खाली डबकी म्हणजे आडवे चपटे गोल.

छत्री ही खरी गंमत. वरचा अर्धगोल मोठा हात फिरवून, एका दमात. खालच्या कडेला छोटे छोटे अर्धगोल ओळीने, ही लय फार कामाची, टेकड्या टेकड्या म्हणत काढायची. आणि दांडा वरून खाली येऊन डावीकडे वळवला की तो ग चा अर्धा भाग झाला. शेजारी काना दिला की गारांचा ग. मी काही बोलत नाही, नुसती बोट ठेवते, आणि बघते कोणाच्या लक्षात येतंय.

कागद फार ओला करू नका, पत्रिकेचा कागद चकचकीत असेल तर रंग धरतच नाही, खरबरीत बाजू घ्या. आणि वाळायला डोंबिवलीच्या जुलैत दोन दिवस धरा, पंख्याखाली.

राखीच्या वेळचं एवढंच सांगते, कार्डाच्या कडेने पंचिंग मशीनने भोकं पाडायची आणि लोकर ओवायची, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली की सुई लागत नाही. एक हात कार्ड धरतो, एक ओवतो. लिहिताना दुसऱ्या हाताने कागद धरायचा असतो हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं, कागद पळतो आणि आपण म्हणतो अक्षर वाकडं, ते ओवण्याने सुधारतं. बहिणीने भावालाच करायचं असं काही नाही, आमच्याकडे सगळे सगळ्यांना करतात.

गणपती

गणपतीत कार्ड शुभेच्छांचं करू नका, आमंत्रणाचं करा. "आमच्याकडे गणपती आहेत, दर्शनाला या." शेजारच्या चार घरी मुलाने स्वतः जाऊन द्यायचं, लोकं खरंच येतात, आणि मूल दारात उभं राहून सांगतं की मीच बोलावलं होतं. लिहिण्याने माणसं घरी येतात हे एकदा कळलं ना, की मग लिहायला बस म्हणून मागे लागावं लागत नाही.

चित्र मोदकाचं. खाली गोलसर, आणि कळ्यांच्या रेघा खालून वर शेंड्याकडे, एका जागी थांबायच्या. थांबणं हे मुलांना सगळ्यात अवघड जातं, रेघ सुरू करणं सोपं, पाहिजे तिथे हात थांबवणं कठीण, आणि काना शिरोरेघेच्या वर जाऊ नये यासाठी तेच तर लागतं. शाडूची माती घरात असेलच, कार्डाआधी दहा मिनिटं माती मळू दे, मग हात छान सैल होतात. पाच वर्षांच्या पुढच्यांनी तारीख लिहायची आणि स्वतःचं नाव. बाकीच्यांनी ग.

दसरा

दसऱ्याला पाटीपूजन. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, आमच्या आजीच्या वेळेपासून. आताच्या कित्येक घरांत पाटीच नाही, मग पूजा टॅबची करतात, करू देत बापडे, पण ती सरस्वती सोडू नका. कारण बघा, एकच आकडा, १, वर गाठ आणि खाली शेपूट, तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून काढायचा. वहीत पानभर एक काढायला सांगितले असते तर मूल रडलं असतं. इथे देवीचं चित्र तयार होतंय म्हणून काढतं. काळ्या कार्डावर पांढऱ्या खडूने काढा, पाटीसारखंच दिसतं, मात्र खडू पुसला जातो म्हणून पाठवायचं असेल तर पांढरा तेलकट खडू वापरा. लहान मुलांना तुम्ही फिकट ठिपके देऊन ठेवा, कुठून सुरू करायचं तेवढंच.

आणि आपट्याचं पान. दोन पाकळ्या जोडल्यासारखं पान असतं, मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू बरोबर एकावर एक बसतात, म्हणजे निसर्गानेच कार्ड करून दिलंय. कागद दुमडून, दुमडीच्या बाजूने एक पाकळी काढून कापायची, उघडलं की पान. सरळ कापणं आधी, वळणावर कापणं नंतर, तेव्हा चारच्या आतल्यांना हे कापून द्या. कात्री धरताना अंगठा वर आभाळाकडे, आणि वळताना कात्री नाही, कागद फिरवायचा, हे दाखवायलाच लागतं.

खरं पान असेल तर त्याचा छाप घ्या, पान कागदाखाली, शिरा वरच्या बाजूला, आणि खडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. जास्त दाबलं तर फाटतं, कमी दाबलं तर उमटत नाही, म्हणजे पावसाच्या मेणबत्तीचं बरोब्बर उलट, आणि दोन्ही येणं म्हणजेच हातावर ताबा. एक पान पुरतं बारा मुलांना. झाडं ओरबाडायची गरज नाही, आणि बाजारात आपटा म्हणून बरेचदा कांचनाची पानं विकतात, तीही तशीच जोडपानं, छापाला काही फरक पडत नाही, पण मुलांना दोन्ही नावं सांगा.

आत काय लिहायचं, "सोनं". मोठ्यांनी पूर्ण शब्द, त्यात स ला तिरकी रेघ आहे म्हणून मी तो दसऱ्यापर्यंत राखून ठेवते. "सोनं घ्या सोन्यासारखं राहा" मधलं बाकीचं तुम्ही लिहा. आणि एक, इंटरनेटवरून नमुना छापून घेणार असाल तर ल आणि श कडे लक्ष द्या, खूप फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल येतो, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श, तसंच शिकवायचं असं २००९ च्या शासन निर्णयातही आहे. मुलाने एक वळण घरी, दुसरं शाळेत शिकायचं म्हणजे उगाच गोंधळ.

दिवाळी

दिवाळीत माझी शक्ती संपलेली असते, फराळ डोक्यावर असतो, म्हणून ठिपक्यांची रांगोळी. कार्डावर तीन बाय तीन ठिपके तुम्ही द्या, इयरबड रंगात बुडवून मुलाने दिले तर आणखी चांगलं, आणि जोडत जायचं. ठिपका ते ठिपका, मध्ये हात न उचलता. कार्डाआधी ताटात रांगोळी पसरून बोटाने ग काढू दे, ती आपली धूळपाटीच, हलवलं की पाटी कोरी. कंदिलाच्या झिरमिळ्या कापणं मात्र चुकवू नका, पट्टीच्या कडेला आखूड सरळ काप, एका कात्रीत एक, कापायला शिकायची सुरुवात तिथूनच.

नाताळाचा तारा वगैरे मी करून घेते, गोव्याकडचे शेजारी आहेत त्यांना पाठवायला, पण तारा सगळा तिरक्या रेघांचा, सहाच्या आत आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून करा. आणि ज्यांची नातवंडं परदेशात आहेत त्यांनी तिथली ऑक्टोबरमधली रंगीत पानं चिकटवलेली कार्डं मागवा, आतमध्ये एकच मराठी अक्षर लिहायला सांगा. तिकडे मुलं शाळेत रोमन लिपी शिकतात, मराठी अक्षर काढायला दुसरं निमित्तच नसतं.

हे करू नका

मुलाचा हात धरून रोज गिरवून घेऊ नका. एकदोनदा ठीक आहे, पण हात धरला की त्याचे स्नायू सुट्टीवर जातात, अक्षर तुमचंच उमटतं. त्यापेक्षा तुम्ही शेजारी तुमच्या कागदावर काढा, त्याने बघून त्याच्या कागदावर.

उलटा ग, आरशातला ग, गाठ भलतीकडे, हे सहा-सात वर्षांपर्यंत चालतं. खोडरबर मी कार्डाच्या वेळी लपवूनच ठेवते. आणि गिचमिड काढून "हे लिहिलंय मी" म्हणाला तर हसू नका, "वाच ना" म्हणा, तो वाचून दाखवेल, तेच कार्डाच्या मागे बारीक पेन्सिलीने लिहून ठेवा म्हणजे आजोबांना कळेल.

डावखुरा असेल तर असू दे. अजूनही घरी कोणी ना कोणी म्हणतंच, देवाचं कार्ड आणि डाव्या हाताने? त्यांना चहा द्या आणि विषय बदला. त्याचा कागद थोडा उजवीकडे झुकवा, तो खडू टोकापासून जरा मागे धरू दे, आणि तीळ-खळीची वाटी डाव्या बाजूला ठेवा.

एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं, बास. उठून गेला तर जाऊ दे, अर्धं कार्ड उद्या पूर्ण होतं.

पाठवायचं

पाठवल्याशिवाय सोडू नका, फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकला म्हणजे पाठवलं असं नाही. साध्या टपालाला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट, पण चणाडाळ लावलेलं जाड कार्ड त्यात बसत नाही, काउंटरवर वजन करून घ्या, नाहीतर तिकडे आजीकडून दंड घेतात. डाळीबिळीचं कार्ड हाताने द्या, सपाट कार्डं टपालाने. पाच-सहा वर्षांच्या मुलांना पिनकोडचे सहा चौकोन भरायला द्या, त्यांना हे फार मोठं काम वाटतं. एका चौकोनात एकच आकडा, बाहेर जायचं नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, महाराष्ट्रातले सगळे ४ ने सुरू होतात, म्हणून पहिला चौकोन पाठच होऊन जातो, आमचा डोंबिवलीचा तर ४२१ पर्यंत मुलं न बघता भरतात. पेटीत टाकायला मुलालाच उचलून धरा.

आणि समोरच्याला आधी गुपचूप फोन करून ठेवा की उत्तर पाठवा, कारण पोरं रोज विचारतात, आजीचं आलं का, आजीचं आलं का. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं मिळतं अजून. त्यावर मोठ्या अक्षरांत, सुटं सुटं, एकच ओळ लिहायला सांगा, आणि त्या ओळीत कुठेतरी ग आलाच पाहिजे. मागच्या संक्रांतीला कडक लाडूवाल्या त्या मुलीच्या आजीचं आलं होतं, "गूळ कमी घातला आता." पोरीने त्यातला ग शोधून त्यावर बोट ठेवलं आणि दिवसभर ते कार्ड कोणाला धरू दिलं नाही, जेवतानासुद्धा मांडीखाली.